मोटर किती तास चालते? सातवीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

29 नोव्हेंबर 2023

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. सातवीचा प्रकल्प आजपासून सुरू. विषय गावातल्या विहिरी. पण खरं काम वेगळं आहे: मुलांनी स्वतःचे प्रश्न काढायचे, ते घासूनपुसून नीट करायचे आणि मार्चपर्यंत त्यातला निदान एखादा स्वतः तडीस न्यायचा. विहिरी निवडल्या कारण साताऱ्याच्या माण तालुक्यात पाण्याशिवाय दुसरी चर्चा नाही. त्यात यंदाचा ऑगस्ट देशभरातल्या 1901 पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा गेला. प्रत्येकाच्या घरात संध्याकाळी विहिरीचं नाव निघतंच.

पहिल्या तासाला एवढंच सांगितलं, की विहिरीबद्दल मनात येतील ते पाच प्रश्न कागदावर लिहा. कागद गोळा केले. “विहीर म्हणजे काय?” “विहिरीचे उपयोग लिहा.” “पाणी वाचवण्याचे चार उपाय सांगा.” एकाने गाळलेली जागा घातली. एका मुलीने प्रत्येक प्रश्नासमोर कंसात गुण दिले, दोन, दोन, तीन, आणि शेवटच्याला “किंवा” टाकून पर्यायही दिला.

कागद परत परत वाचले. मुलं हुशार आहेत आणि सांगितलेलं त्यांनी चोख केलं आहे. पण आजवर शाळेत त्यांना जो जो प्रश्न भेटला, तो विचारणाऱ्याकडे उत्तर आधीपासून होतं. घरी आई “दळण आणलंस का?” विचारते ती तिला ठाऊक नसतं म्हणून. शाळेत मात्र बाई विचारतात त्या ठाऊक असूनच. सात वर्षं हेच पाहिल्यावर प्रश्न म्हणजे समोरच्याची परीक्षा, ही मुलांची समजूत अगदी रास्त आहे. प्रकल्पाला सुरुवात इथूनच करायची.

1 डिसेंबर

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ लिहिली आणि पुसायची नाही असं ठरलं: “ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक आहे, तो प्रश्न लिहायचा नाही.”

परवाच्या कागदांवर मुलांनी स्वतःच काट मारली. बरेच कागद पूर्ण कोरे झाले. वर्ग थोडा गांगरला. एक मुलगा म्हणाला, “बाई, मग लिहायचं काय?” मी म्हटलं, सोमवारी बघू.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स नावाचं शहर आहे. मुलांची शाळा सुटू नये म्हणून तिथे पालकांबरोबर एक काम चाललं होतं. शाळेच्या सभेला आम्ही जात नाही, कारण तिथे काय विचारायचं हेच कळत नाही, असं ते पालक म्हणाले. त्यावर त्यांना तयार प्रश्नांची यादी दिली गेली, तर यादी संपली की पुन्हा तेच. मग प्रश्न तयार करण्याची रीतच शिकवायची असं ठरलं, आणि त्यातून वर्गात वापरता येईल अशी एक पद्धत उभी राहिली. आपल्याकडे पालकसभेत मागच्या रांगेत गप्प बसलेल्या आया आठवल्या. ही पद्धत सोमवारी आपल्या वर्गात लावायची.

4 डिसेंबर

पद्धतीत शिक्षकाने प्रश्न विचारायचा नसतो. एक विधान ठेवायचं, बस्स. मी फळ्यावर लिहिलं:

“शाळेमागच्या दोन विहिरी एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. वरची विहीर दरवर्षी आधी आटते. ओढ्याकाठच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं.”

नियम चार. सुचतील तेवढे प्रश्न विचारायचे. मध्ये थांबून चर्चा करायची नाही, नावं ठेवायची नाहीत, उत्तरही द्यायचं नाही. जो प्रश्न जसा आला तसाच, बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहायचा. आणि कोणी विधान केलं तर त्याचा प्रश्न करून घ्यायचा.

तिसरा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. “हीर आटती म्हंजी पानी जातं कुटं?” हा प्रश्न फळ्यावर जसाच्या तसा गेला. एरवी मी तो नकळत पुस्तकी भाषेत लिहिला असता, आणि मग तो त्या मुलाचा राहिला नसता. तो फळ्यावर दिसल्यावर मागच्या बाकावरून एकदम चार-पाच हात वर आले.

सुरुवातीला मात्र शांतता होती. ती सहन करायची, हे आधीच ठरवलं होतं. मेरी बड रो या संशोधिकेने सत्तरच्या दशकात वर्ग ऐकून दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा अधिक थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलं बोलू लागतात आणि मुलांकडून येणारे प्रश्नही वाढतात. मुलांनी स्वतः प्रश्न काढायचे असतील तर तीन सेकंदांनी भागत नाही. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तोंडाकडे बघत राहिलं की मुलं माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधतात.

मग आले. “ओढ्याचं पाणी विहिरीत येतं का विहिरीचं ओढ्यात?” “वरची विहीर खोल आहे का?” “दोन्ही मालक सारखंच पाणी उपसतात का?” “विहिरीत मासे कोणी सोडले?” “पहिल्यांदा विहीर खांदली तेव्हा किती पाणी होतं?” “आटली हे कोण ठरवतं?”

हा शेवटचा प्रश्न विचारणारी मुलगी वर्गात क्वचितच बोलते.

6 डिसेंबर

प्रश्नांची विभागणी. हो-नाहीत किंवा एका शब्दात संपतात ते बंद, सविस्तर सांगावं लागतं ते खुले. मुलांनी भराभर खुणा केल्या, मग बंदचा खुला आणि खुल्याचा बंद असा उलटापालट खेळही झाला. “विहिरीत मासे आहेत का?” याचं “विहिरीत मासे आले कुठून?” झालं.

इथे माझं स्वतःचं मत नोंदवते. प्रशिक्षणात आम्हाला खुला प्रश्न चांगला आणि बंद प्रश्न कच्चा, असं सांगतात. विज्ञानाच्या कामात हे खरं नाही. “विहीर का आटते?” हा खुला आहे, पण तो हातात घेऊन सातवीचं मूल एक तर पुस्तक उघडेल नाही तर माझ्याकडे येईल. “मोटर बंद केल्यावर पाणी पुन्हा चढतं का?” हा पक्का बंद प्रश्न. पण तो मुलाला थेट विहिरीवर नेतो. म्हणून आम्ही तिसरी खूण ठरवली: जो प्रश्न वाचून “आता काय करायचं” हे कळतं, त्यावर बाण. ‘का’ने सुरू होणाऱ्या प्रश्नांवर फार थोडे बाण पडले. ‘किती’, ‘कुठे’, ‘केव्हा’, ‘असं केलं तर’ यांवर भरपूर. ‘का’वाले प्रश्न टाकून दिले नाहीत. एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावले. ते शेवटी लागतील.

14 डिसेंबर

विहिरीवर गेलो. पालकांच्या सह्या घेतल्या होत्या. दोन्ही विहिरींना कठडा आहे, मुलं कठड्यापासून दोन पावलं मागे आखलेल्या फक्कीच्या रेषेबाहेर, आणि दोर सोडायचं काम फक्त विहिरीच्या मालकांचं. दर अर्ध्या मीटरवर रंगीत चिंधी बांधलेला दोर मुलांनी आधीच तयार केला होता.

मुलांचा ठाम अंदाज होता, की जी खोल तिचं पाणी टिकतं. दोर सोडल्यावर कळलं की आधी आटणारी वरची विहीरच जास्त खोल आहे. क्षणभर कोणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, “मग खोल जाऊन उपयोग काय?” तो रागावून विचारत होता. त्याच्या घरच्यांनी गेल्याच वर्षी विहिरीचा गाळ काढून ती आणखी खाली नेली आहे.

वरच्या विहिरीच्या मालकांना एकीने खोली विचारली. ते म्हणाले, नऊ परस (एक परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाएवढी उंची). ती लगेच म्हणाली, “आजोबा, परस कुणाचा? तुमचा का माझा?” त्यांनी हात वर करून दाखवला. तिने शेजारी उभं राहून आपला हात वर केला. मग दोघांनी दोराशी ताडून पाहिलं. मोजमापाचं एकक म्हणजे काय, ते का ठरवावं लागतं, हा पुस्तकातला पाठ तिथे एका मिनिटात उभा राहिला आणि त्याची सुरुवात तिच्या प्रश्नाने झाली.

ओढ्याकाठच्या विहिरीत उन्हाची तिरीप पडली होती, त्यामुळे बाजू स्वच्छ दिसत होत्या. वर माती, खाली जाड मुरूम, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, खडकाचा पट्टा आणि त्या पट्ट्यावर ओल. वरच्या विहिरीत मुरूम थोडा, मग सरळ काळा पाषाण. सह्याद्रीचा हा सगळा भाग लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठतं आणि वाहतं झिजलेल्या मुरमात, सच्छिद्र थरात, भेगांत. हे मी सांगितलं नाही. परत आल्यावर नवे प्रश्न मागितले, तर पहिलाच आला: “पाणी विहिरीच्या तळातून येतं का बाजूने?” दुसरा: “ओल एकाच पट्ट्यावर का दिसते?”

वर्गात बसून काढलेले प्रश्न आणि विहिरीवरून आल्यावरचे प्रश्न शेजारी शेजारी लावून ठेवलेत. प्रश्न सुधारायचा तर त्याच्या शब्दांवर मेहनत घेण्यापेक्षा मुलाला त्या वस्तूपाशी जास्त वेळ उभं करावं, ही माझी खात्री आज पक्की झाली.

21 डिसेंबर

प्रश्नपेटी ठेवली. बुटांचा जुना खोका, वर फट. नाव लिहायची सक्ती नाही. अक्षरावरून ओळख पटतेच, पण मी ती उघड करत नाही. चिठ्ठ्यांत मुलींचं अक्षर जास्त आहे, तोंडी विचारणाऱ्यांत मुलगे जास्त. एका चिठ्ठीत लिहिलं होतं: “घरी विचारलं तर उलट बोलू नको म्हणतात. मग विहिरीचं कुणाला विचारू?”

4 जानेवारी 2024

पालकसभा. अपेक्षित प्रश्न आलाच: हे परीक्षेत येणार का? पुढच्या वर्षी मुलं आठवीला, म्हणजे शिष्यवृत्तीचं वर्ष. काळजी खरी आहे आणि ती मी मनापासून ऐकून घेतली. मग मुलांसाठी फळ्यावर लिहिलेलं दोन विहिरींचं विधान पालकांना ऐकवलं आणि त्यांना म्हटलं, तुम्हीही यातल्या एका विहिरीबद्दल एक प्रश्न द्या, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही.

पालकांचे प्रश्न मुलांपेक्षा धारदार निघाले. एका शेतकऱ्याने विचारलं: “पूर्वी मोटर दिवसभर चालायची, आता दोन तासांत फुटबॉल उघडा पडतो. पाणी कमी झालंय का मोटर मोठी झालीय?” (फुटबॉल म्हणजे पंपाच्या नळीच्या तळाची झडप. इथे तिला दुसरं नाव नाही.) हा प्रश्न ऐकून माझ्या वर्गातला मुलगा वही काढून लिहून घेत होता. शेतकरी पाण्याची पातळी फुटांत सांगत नाहीत, मोटर किती तास चालते ते सांगतात. आणि पाच एचपीचा पंप काढून साडेसातचा बसवला तर तेच पाणी कमी तासांत संपणार. तासांचं हे माप किती भरवशाचं, हा प्रश्न सभेतून वर्गात आला.

घरी उलट बोलू नको म्हणणाऱ्यांबद्दलही बोलले, कोणाकडे न बघता. पेटीत अशी चिठ्ठी आहे एवढंच सांगितलं.

11 जानेवारी

ओढ्याकाठच्या विहिरीवर मोजणी. या आठवड्यात शेतीपंपाची वीज दिवसा आहे म्हणून जमलं. रात्रपाळीच्या आठवड्यात मुलांना नेता येत नाही. मालकांनी सकाळीच मोटर लावली होती. फुटबॉल उघडा पडला, मोटर हवा ओढायला लागली, त्यांनी ती बंद केली आणि दोर सोडला.

दर तासाला कठड्याच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर. पहिल्या तासात पाणी 40 सेंटिमीटर चढलं. दुसऱ्यात 25. तिसऱ्यात 15. वहीत आकडे घेणाऱ्या मुलीने तिसरा आकडा लिहिला आणि पेन्सिल तशीच धरून राहिली. “बाई, दमलं का पाणी?” मग स्वतःच खोडून पुन्हा विचारलं: “विहीर जेवढी भरते तेवढं पाणी हळू येतं का?”

मी नेहमीप्रमाणे “तुला काय वाटतं?” म्हटलं नाही. ते ऐकून मुलं कंटाळतात, बाईंना सांगायचं नाहीये असं समजतात. मी विचारलं, “हे कसं कळेल?” तिने जे सुचवलं ते असं: एकदा मोटर अर्धीच चालवून बंद करायची. पाणी तेव्हाही पहिल्या तासात 40 चढलं, तर वेळेचा संबंध. कमी चढलं, तर किती रिकामी आहे याचा संबंध. मालक हसत हो म्हणाले आणि पुढच्या दिवसपाळीत ते करायचं ठरलं.

(नंतरची भर) केलंही. अर्ध्या उपशानंतर पाणी पहिल्या तासात बरंच कमी चढलं. मग मात्र मी फळ्यावर चित्र काढून समजावलं: विहिरीबाहेरच्या खडकातलं पाणी वर आणि विहिरीतलं खाली, हा फरक जेवढा मोठा तेवढा आत येणारा जोर मोठा. फरक कमी होत गेला की येणंही मंदावतं. प्रश्न मुलांचे असावेत म्हणून शिक्षकाने काही सांगूच नये, हे मला मान्य नाही. मूल प्रश्न घेऊन उंबऱ्याशी उभं असेल तर दार उघडायला हवं.

24 जानेवारी

आज कुठला प्रश्न कुणाला विचारायचा, यावर तास घेतला. मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 मध्ये 16 शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि 2002 पर्यंत चालला. त्यात ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्रं लिहून काहीही विचारत आणि त्यांना उत्तरं जात. आमच्या मुलांना ही गोष्ट फार आवडली. पण त्यांचं म्हणणं, आपल्या गावात एकच सवालीराम कशाला? यादी झाली: विहीर खोदणारे, बोअरच्या गाडीवाले, भूजल सर्वेक्षणाचं जिल्हा कार्यालय, आजी, आणि पाणाड्या.

पाणाड्यावर वर्ग थबकला. गावात बहुतेक लोक त्याला विचारूनच बोअर मारतात. तळहातावर नारळ घेऊन तो शेतात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे पाणी. वर्गातल्या एकाचे चुलते हेच काम करतात. मी ठरवून गप्प राहिले. इथे मोठ्यांच्या बाजूने निकाल दिला असता, तर पुढे कोणी काही विचारलं नसतं.

त्या मुलानेच विचारलं: “काकांनी सांगितलेल्या बोअरपैकी कोरड्या किती गेल्या? पाणी लागलेल्या बोअर लोकांना आठवतात. कोरड्या कुणी सांगत नाही.”

मग थोड्या वेळाने वरच्या विहिरीच्या मालकांची नात: “आणि कुणालाच न विचारता मारलेल्या बोअरला किती वेळा पाणी लागलं?”

मी प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला आणि खाली तारीख टाकली. आजवर या वर्गात आलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. यात तुलना आहे, यात कुणाचा अपमान नाही, आणि उत्तर कुठल्याही बाजूने आलं तरी ते ऐकायची तयारी आहे. मुलं आता घरोघर जाऊन दोन रकान्यांची यादी करत आहेत. चुलत्यांनीही आपल्या आठवणीतल्या कोरड्या जागा सांगितल्या, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. गाव लहान आहे, यादी छोटी राहील, आणि एवढ्यावर निकाल काढायचा नाही, हेही मुलांनीच यादीच्या वर लिहिलं आहे.

28 फेब्रुवारी

विज्ञान दिन. 1928 मध्ये आजच्याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला. एरवी या दिवशी थर्माकोलची प्रतिकृती आणि पाठ केलेलं भाषण असतं. सातवीने एकाच प्रश्नाचा प्रवास लावला, प्रत्येक पायरीखाली तारीख आणि तो का बदलला ते:

विहीर का आटते? मग, कुठली आधी आटते? मग, दोन्हींत मोटर किती तास चालते? मग, मोटर सारखीच नसेल तर तास सारखे कसे धरायचे? आणि शेवटी, वरच्या विहिरीची मोटर चालू असताना खालच्या विहिरीचं पाणी उतरतं का?

बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी निष्कर्ष विचारला. मुलीने सांगितलं की शेवटचा प्रश्न अजून मोजायचा आहे, कारण दोन्ही मालकांनी एकमेकांसमोर हो म्हणायला हवं. हे मी तिला पढवलेलं नव्हतं. पाण्याच्या प्रश्नात माणसं असतात, हे ती विहिरीवर उभी राहून शिकली आहे.

12 मार्च

आकारिक मूल्यमापनात एक काम असं दिलं: उत्तर ठाऊक नसलेला एक प्रश्न लिहा, आणि ते शोधायला पहिलं काय कराल ते लिहा. उत्तराला गुण नाहीत. प्रश्न पाहिलेल्या गोष्टीतून आलाय का, त्यावरून पुढचं पाऊल ठरतं का, आणि कुठलं उत्तर आलं तर आपलं मत बदलेल हे लिहिलंय का, यावर गुण.

बहुतेकांना तिसरी गोष्ट जड गेली. मोठ्यांनाही जाते. त्यावर पुढच्या वर्षी जास्त वेळ द्यायचा आहे.

एका मुलाने ग्रामपंचायतीतल्या फलकावरून घेतलं होतं, की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. 1993 च्या भूजल कायद्यापासूनची ही तरतूद. त्याचा प्रश्न: “500 च का? आमच्याकडं खडक कुठं मांजऱ्या, कुठं पाषाण. सगळीकडं 500 कसं चालंल?” पहिलं पाऊल: आपल्या दोन विहिरींतलं अंतर मोजायचं आणि एकीचा परिणाम दुसरीवर होतो का बघायचं. पूर्ण गुण दिले. हा प्रश्न भूजल कार्यालयाला पत्राने पाठवला आहे, त्याच्याच अक्षरात.

22 मार्च

जूनमध्ये ही मुलं आठवीसाठी शेजारच्या गावच्या हायस्कूलला जातील. एप्रिल-मेच्या मोजण्या राहिल्या आहेत, म्हणून दोर वरच्या विहिरीच्या मालकांकडे ठेवला आणि नोंदवही सहावीकडे दिली. सहावीच्या मुलांनी ती बाकावर उघडी ठेवून पानं उलटली. त्यांचा पहिला प्रश्न आकड्यांचाच होता: फेब्रुवारीत वरच्या विहिरीच्या रकान्यात एक आठवडा पाणी वाढलेलं कसं दिसतंय, तेव्हा तर पाऊस नव्हता? सातवीलाही हे लक्षात आलं नव्हतं. दोन्ही वर्ग उद्या एकत्र बसणार आहेत. त्या आठवड्यात वीज दिवसा होती का रात्री, हे आधी मालकांना विचारायचं ठरलं आहे.